हात मोकळे, धनुष्य पाठीवर

इंग्लंडमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्या काळजीत पडणार नाही. १९८१ सालच्या वन्यजीव कायद्यानुसार इथे कुठलाही रानटी प्राणी मारायला धनुष्य वापरता येत नाही. हरणांसाठी १९९१चा आणखी एक कायदा आहे, त्यात बाण आणि भाले दोन्ही वर्ज्य आहेत. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीची वाट बंद केली, इथे या कायद्यांनी. रॉबिन हूडच्या देशात आज बाणाने ससा मारलात तरी कोर्टात उभं राहावं लागेल. मग मी दर दुसऱ्या रविवारी सकाळी धनुष्य घेऊन रानात कशाला जाते, असं तुम्ही विचाराल. रीडिंगच्या मराठी मंडळातही हा प्रश्न मला चहाबरोबर हमखास मिळतो.

तर, इथे ‘फील्ड आर्चरी’ नावाचा प्रकार आहे. मी त्याला रानातली तिरंदाजी म्हणते. टीव्हीवर ऑलिंपिकमध्ये दिसते ती नव्हे. तिथे सपाट मैदान असतं, अंतर ठरलेलं असतं, धनुष्य ठेवायला स्टँड असतो. इथे जंगल असतं. रीडिंगच्या उत्तरेला चिल्टर्न टेकड्या आहेत. बीचची उंच झाडं, खाली पांढऱ्या खडूची जमीन, पाऊस पडला की साबणासारखी निसरडी होणारी, आणि त्यात रुतलेल्या धारदार गारगोट्या. अशा रानात फोमची जनावरं लपवून ठेवतात. हरीण, रानडुक्कर, कोल्हा, एखादं अस्वलही. पायवाटेने चालत जायचं, खुंटी ठोकलेली असेल तिथे उभं राहायचं, अंतराचा अंदाज डोळ्यांनी घ्यायचा आणि बाण सोडायचा. कुठल्या बाणाला आणि कुठे लागला याचे गुण. शिकारीतलं सगळं इथे आहे, फक्त मारणं नाही. ते नाही म्हणूनच मी जाते, हेही सांगून टाकते.

आता एक साधा हिशेब करू. संशोधकाला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. एका फेरीत छत्तीस जनावरं धरा, प्रत्येकावर जास्तीत जास्त तीन बाण. एक बाण सोडायला पंधरा सेकंद लागतात असं मानलं, आणि तीनही बाण दर वेळी सोडावे लागले इतकी वाईट नेमबाजी गृहीत धरली, तरी एकशे आठ बाणांना सत्तावीस मिनिटं होतात. फेरी मात्र चार तासांची. म्हणजे उरलेले साडेतीन तास तुम्ही धनुष्य फक्त वाहता. चढावर, उतारावर, ओढ्यातून, आणि कुंपण ओलांडायच्या त्या लाकडी पायऱ्यांवरून, ज्यांना इथे ‘स्टाइल’ म्हणतात आणि ज्यांवरून स्टाइलमध्ये उतरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. जिथे खरी शिकार चालते तिथे हे प्रमाण आणखी टोकाचं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत एल्क नावाच्या मोठ्या हरणामागे लोक दिवसचे दिवस चालतात आणि पुष्कळदा एकही बाण न सोडता परत येतात. धनुष्य हे मुख्यतः वाहायचं हत्यार आहे. सोडायचा भाग किरकोळ.

हे मला कळलं ते अंगठ्यामुळे.

गेल्या वर्षी, लेक सात महिन्यांची असताना, उजव्या-डाव्या दोन्ही मनगटांत अंगठ्याच्या बाजूला दुखायला लागलं. डावं जास्त. बाळाला काखेत हात घालून उचललं की कळ थेट कोपरापर्यंत. भरीला प्रयोगशाळेतली पिपेट, जिची कळ दिवसातून चारपाचशे वेळा अंगठ्यानेच दाबायची असते. मी मातीतल्या ओलाव्यावर काम करते, त्यामुळे शेतात मातीचे नमुने काढायचा गिरमिटही होताच. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट खाली वाकवलं, मी किंचाळले, आणि निदान झालं. याला ‘द केर्वां’चा आजार म्हणतात. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्वां यांनी १८९५ साली याचं वर्णन केलं. अंगठ्याला उचलणाऱ्या दोन स्नायुबंधांभोवतीचं आवरण जाड होतं आणि ते बंध आत अडकून घासतात. नव्या आयांना हे इतकं होतं की फिजिओने फाइल उघडायच्या आधीच विचारलं, बाळ केवढं आहे?

तिने पट्टी दिली, व्यायाम दिले आणि एक यादी दिली. पिपेट इलेक्ट्रॉनिक वापरायची, बाळाला तळव्यांची खोबण करून उचलायचं, आणि अंगठ्याने गच्च पकडून कुठलीही वस्तू फार वेळ धरायची नाही. मी धनुष्याचं विचारलं. तीन महिने पूर्ण विश्रांती, मग पाहू, असं ती म्हणाली.

व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं तेव्हा तिने शांतपणे भाजी निवडत म्हटलं, “हात एवढे दुखतायत तर ते धनुष्य ठेव की बाजूला. पोरगी उचलायची आहे तुला.” तिचं चुकीचं नव्हतं. पण तिला मी एक सांगू शकले नाही, ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्यातले निम्मे जण इथे किंवा असेच कुठेतरी असाल. पोस्टडॉकची नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या प्रकल्पावर, दुसऱ्याच्या पैशांवर, संपायची तारीख आधीच छापलेली. माझी तारीख तेव्हा चौदा महिन्यांवर होती. व्हिसा त्या तारखेला बांधलेला, घरभाडं व्हिसाला, पाळणाघराची फी सगळ्यालाच. दिवसभर मी कुणाची तरी सहकारी, कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको. रविवारचे ते चार तास तेवढे माझे होते. ते एका अंगठ्यापायी सोडून द्यायचे की नाही, हा प्रश्न छोटा नव्हता.

विश्रांतीच्या महिन्यांत मी नेम धरणाऱ्यांचे व्हिडिओ पाहत बसले. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत. ते सामने मी मुद्दाम हळू करून पाहिले, फक्त धनुष्याचा हात. तुम्हीही पाहा. चांगला तिरंदाज धनुष्य पकडतच नाही. मूठ अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या गादीवर टेकलेली असते आणि ताणामुळेच ती तिथे राहते. बोटं सैल. पकड घट्ट झाली की नेम बिघडतो. म्हणजे बाण सोडताना माझ्या त्या दोन बिचाऱ्या स्नायुबंधांना फार काम नव्हतंच. दुखणं होतं ते उरलेल्या साडेतीन तासांत. चालताना धनुष्य मुठीत धरायचं, पडू नये म्हणून आवळायचं, निसरड्या उतारावर आणखी आवळायचं. फिजिओला हे दाखवलं. तिने माझ्या रिकाम्या हातात पुस्तक टेकवून, ढकलून पाहिलं आणि म्हणाली, हलक्या ताणाचं धनुष्य घे आणि ते वाहायची दुसरी सोय कर.

दुसरी सोय शोधायला गेले तर कळलं, हा प्रश्न चालत शिकार करणाऱ्या प्रत्येकाला पडलेला आहे आणि प्रत्येक उत्तराला स्वतःचा एक त्रास आहे.

सगळ्यांत सोपं उत्तर तुम्हाला माहीत आहे, कारण ते आपल्या देवघरात टांगलेलं असतं. डोकं आणि एक हात आत घालून धनुष्य अंगात अडकवायचं, दोरी छातीवर तिरकी, लाकूड पाठीवर. कॅलेंडरवरचे राम-लक्ष्मण असेच. छोट्या धनुष्याला हे चालतं. पण दोरी अंगावर घासते, तिला लावलेलं मेण जाकिटाला लागतं, कपड्याच्या बटणात ती अडकते, आणि वक्र टोकांचं धनुष्य एका बाजूने सतत दाबलं गेलं तर त्याच्या पात्या पिळवटायचा धोका. इंग्रजी लाँगबो तर माणसाएवढा, कधी जास्तच. तो अंगात घालून स्टाइल ओलांडायची म्हणजे कुंपणालाच लटकायचं.

दुसरं, खांद्याचा पट्टा. धनुष्याच्या वरच्या आणि खालच्या पातीला कापडी खोबणी चढवायच्या आणि त्यांना जोडणारा पट्टा खांद्यावर घ्यायचा, बंदुकीसारखा. हल्लीच्या कंपाऊंड धनुष्याला टोकांशी चाकं असतात, ती आणि दोरी या खोबणीत झाकली जातात, काट्याकुट्यांपासून वाचतात. तोटा असा की खांद्यावरून घसरतो, मग माणूस तो धरायला हात वर नेतो, आणि मोकळा केलेला हात पुन्हा अडकतो.

तिसरं, कमरेच्या पट्ट्याचा आकडा. कंपाऊंड वापरणाऱ्यांना हा आवडतो. मूठ किंवा पात त्या आकड्यात बसते, धनुष्य मांडीशी लोंबतं, हवं तेव्हा क्षणात हातात. सपाटीवर उत्तम. चढावर प्रत्येक पावलाला गुडघा त्यावर आपटतो, आणि रानात तो आवाज हरणाला तुमच्याआधी पोचतो.

चौथं, पाठीवरची सॅक. तळाशी एक खिसा असतो, त्यात खालची पात टेकवायची, वरून दोन पट्टे आवळायचे. दोन्ही हात खरोखर मोकळे, दोन काठ्या घेऊनही डोंगर चढता येतो. म्हणूनच लांबच्या शिकारीला लोक हे निवडतात. पण सॅक उतरवून, पट्टे सोडून धनुष्य हातात येईपर्यंत जनावर काही थांबत नाही. शिवाय वरचं टोक डोक्याच्या वर गेलेलं असतं, ते प्रत्येक फांदीला नमस्कार करतं.

बाणांचं वेगळं. ते भात्यात. चालताना बाण दोरीवर चढवायचा नाही, खुंटीपाशी पोचल्यावरच, हा रानातल्या तिरंदाजीचा पहिला नियम. खऱ्या शिकारीत बाणाचं पातं वस्तऱ्यासारखं असतं, म्हणून ते पूर्ण झाकलेलं लागतं. धनुष्य घेऊन घसरलेल्या माणसाला बहुतेक वेळा स्वतःचाच बाण लागतो, असं आमचे जुने सभासद बजावतात.

या यादीत एक उत्तर नव्हतं, ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. माझे बाबा नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला एका आश्रमशाळेत शिक्षक होते. मी चौथीपर्यंत सातपुड्यात वाढले. शाळेचे शिपाईकाका पावरा समाजातले. त्यांचा पाडा डोंगराच्या पलीकडे, सोमवारी पहाटे ते उतरून यायचे. खांद्यावर कामठा, बांबूचा, आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. सुताची दोरी भिजली की ढिली पडते, ही पडत नाही असं ते म्हणायचे. कामठा छातीपर्यंतच उंच, म्हणून एका खांद्यात सहज बसायचा, दोरी पुढे आणि बांबू मागे. भाता नाही. दोन-तीन तीर त्याच हाताच्या मुठीत, टोकं खाली, आणि दुसरा हात मोकळा. त्या हाताने ते उतारावरचं झाड धरायचे, नाहीतर स्वतःच्या धाकट्या मुलीला. शिकारीला जाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. कामठा बरोबर असायचा तो आपल्याकडे छत्री असते तसा. काठीच्या राजवाडी होळीला बाबा मला खांद्यावर बसवून न्यायचे. रात्रभर ढोल, कमरेला घुंगरू बांधलेले नाचणारे, आणि गर्दीत कितीतरी खांद्यांवर कामठे. नाचणाऱ्याचे हात मोकळे पाहिजेत, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

आमच्या रीडिंगमध्येही याचा एक पुरावा आहे आणि तो सत्तर मीटर लांब आहे. स्टेशनजवळच्या टाउन हॉलमध्ये रीडिंगचं संग्रहालय आहे. तिथे बायोच्या प्रसिद्ध भरतकामाची हुबेहूब प्रतिकृती लावलेली आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याची ती चित्रकथा. मूळ कापड फ्रान्सचं. १८८५-८६ मध्ये स्टॅफर्डशायरच्या लीक गावात एलिझाबेथ वॉर्डल यांच्या पुढाकाराने पस्तीसेक बायकांनी वर्षभर बसून ते पुन्हा भरलं. १८९५मध्ये रीडिंगच्या एका माजी महापौरांनी ते विकत घेऊन शहराला दिलं. द केर्वांसाहेबांनी माझ्या अंगठ्याचा शोध लावला तेच साल, हा योगायोग मला फार आवडतो. इतकं भरतकाम करणाऱ्या त्या पस्तीस जणींपैकी किती जणींना तो आजार झाला असेल, याचा विचार मी दर वेळी करते.

पावसाळी दुपारी लेकीला ढकलगाडीतून तिथे नेते. तिला घोडे आवडतात, मी तिरंदाज पाहते. नॉर्मन तिरंदाजांचे भाते कमरेला आहेत. पाठीवरून बाण काढायची ती ऐट सिनेमाने आपल्या डोक्यात भरवलेली. आणि धनुष्य धरलेल्या डाव्या मुठीतच दोन-तीन जादा बाण आहेत. शिपाईकाकांची पद्धत, नऊशे वर्षांपूर्वीची, लोकरीच्या धाग्यात. खालच्या पट्टीत तर बुटक्या तिरंदाजांची रांगच रांग. पण एक गोष्ट अख्ख्या कापडावर मला सापडत नाही. धनुष्य पाठीला लावून निवांत चालणारा माणूस. लढाईची चित्रं काढणाऱ्याला ओझं वाहण्यात रस नसतो. तो शोधायचा तर विद्यापीठाच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात जावं लागतं, रेडलँड्स रोडवर. तिथे दूधवाल्यांची जोखडं आहेत, मानेच्या आकारात कोरलेली, दोन बाजूंना साखळ्या. आपली कावडच. ती पाहून मला पहिल्यांदा वाटलं, की हे ओझं हाताने नव्हे तर हाडांनी वाहायचं आहे.

आणखी एक विचार मनात आला तो सीतास्वयंवराचा. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण तिचा तांत्रिक मुद्दा माझ्या लक्षात इथे आला. पण काय होता? शिवधनुष्याला प्रत्यंचा चढवायचा. म्हणजे ते ठेवलेलं होतं दोरी उतरवून. सगळीकडे तसंच ठेवतात. लाकडी धनुष्य सतत ताणलेलं राहिलं की त्याची ताकद जाते, म्हणून काम नसेल तेव्हा दोरी काढून ठेवायची, आणि दोरी काढलेलं धनुष्य म्हणजे निव्वळ काठी. १५४५ साली बुडालेलं आणि १९८२ साली वर काढलेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज इथून दक्षिणेला पोर्ट्स्मथला आहे. त्यात शंभरावर अखंड लाँगबो मिळाले. त्यातले पुष्कळसे पेट्यांत काठ्यांसारखे रचलेले. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या ओट्झीचं धनुष्य तर अर्धवटच तासलेलं होतं. त्याच्या भात्यात चौदा बाण, त्यातले दोनच पूर्ण. तो ते रानातून काठीसारखं नेत होता. माझं धनुष्य तीन भागांत सुटं होतं, त्यामुळे २१ नंबरच्या बसमध्ये ते पिशवीत नीट मावतं. पण फेरीत दर सहा मिनिटांनी दोरी चढवणं-उतरवणं शक्य नाही. चढवलेलंच वाहायला हवं.

अखेर मी आईची जुनी सुती साडी काढली. तिच्याच दोन वर्षांपूर्वीच्या मुक्कामात ती लेकीच्या झोळीसाठी म्हणून ठेवून गेली होती. झोळीचं तत्त्व सोपं आहे. वजन एका खांद्यावरून तिरकं उतरून दुसऱ्या बाजूच्या कमरेवर यायला पाहिजे, आणि ओझं अंगाला चिकटलेलं पाहिजे. लोंबलं की जड होतं. अकरा किलोची मुलगी ज्या कापडात तासभर हलकी वाटते, त्यात सव्वा किलोचं धनुष्य काय मोठं? साडीची पट्टी चार पदरी दुमडून शिवली. दोन्ही टोकांना फास, ते मुठीच्या वर आणि खाली, पाती जिथे सुरू होतात तिथे बसतात, दोरीच्या आतल्या बाजूने. धनुष्य पाठीवर तिरकं, लाकूड माझ्याकडे आणि दोरी बाहेर, म्हणजे दोरीला काहीच घासत नाही. कमरेशी एक बारीक बंद, धनुष्य झुलू नये म्हणून. वरचं टोक माझ्या डोक्याच्या थोडंसंच वर जातं, फांदीखाली वाकताना तेवढं भान ठेवलं की झालं.

पहिल्याच फेरीत एका जुन्या सभासदाने, सत्तरीच्या गृहस्थांनी, पट्ट्याकडे आणि त्याच्या काठाच्या नक्षीकडे पाहून विचारलं, हे कुठल्या कंपनीचं? मी म्हटलं, माझ्या आईचं.

मोकळे हात घेऊन रानात चालणं किती वेगळं असतं, हे मला माहीत नव्हतं. मराठीत आपण ‘हात रिकामे’ आणि ‘हात मोकळे’ असे दोन शब्दप्रयोग करतो, आणि त्यांतला फरक त्या दिवशी अंगाला कळला. रिकाम्या हातांना काहीतरी हवं असतं. मोकळ्या हातांनी मी झाडांची साल चाचपली, ओलाव्यासाठी सवयीने माती चिमटीत घेतली, आणि उतारावर बुंधा धरून खाली उतरले. पुढच्या खुंटीच्या अलीकडे नेच्यांमधून एक छोटं हरीण बाहेर आलं. पाठ कमानदार, मान खाली. मुंटजॅक. हे मूळचं चीनचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशायरच्या वोबर्न पार्कात आणलेलं, तिथून दक्षिण इंग्लंडभर पसरलेलं. सह्याद्रीतल्या आपल्या भेकराचं सख्खं भावंड. भेकरासारखंच भुंकतं. मी थांबले. ते पंधरा पावलांवर. फोमच्या हरणावर नेम धरून आलेल्या माझ्या अंगात, खरं सांगते, काहीतरी जागं झालं. खांदे आपोआप त्या बाजूला वळले. धनुष्य मुठीत असतं तर मी ते उचललं नसतंच, पण हाताला त्याचं वजन जाणवलं असतं आणि मन तिथे गेलं असतं. ते पाठीवर होतं. बांधलेलं. हात खाली लोंबत होते आणि त्यांना काही काम नव्हतं. त्यामुळे मी फक्त पाहिलं. त्याच्या डोळ्यांखालच्या त्या काळ्या चिरा, उपरे असल्याची कसलीही खूण नसलेली ती ऐट. ते दोनदा भुंकलं आणि आपल्या वाटेने गेलं.

शिकाऱ्यांचा एक आक्षेप मी ऐकला आहे, की पाठीवरचं धनुष्य हाताशी यायला चार सेकंद लागतात आणि तेवढ्यात जनावर निसटतं. खरं आहे. पण त्या चार सेकंदांत माणसाला विचारही करता येतो. सातपुड्यातला माणूस पोटासाठी शिकार करायचा तेव्हा त्याला हे चार सेकंद परवडणारे नव्हते, म्हणून तीर त्याच्या मुठीतच. मला परवडतात. कुणाला काय परवडतं, त्यावर धनुष्य कुठे टांगायचं ते ठरतं.

फेरी संपते तिथे पत्र्याच्या शेडमध्ये चहा आणि केक असतो. नवरा लेकीला घेऊन तिथे येतो. ती आता चालते, पण चालते तेव्हा तिला दोन्ही बाजूंना एकेक बोट लागतं. शेडपासून गाड्यांपर्यंत तीनशे मीटर वाट आहे. पूर्वी या वाटेवर माझ्या एका हातात धनुष्य असायचं आणि ती बाबांच्या कडेवर. आता ती मधोमध चालते. माझं एक बोट तिच्या मुठीत, अंगठा नव्हे, तर्जनी. फिजिओने अंगठा द्यायला अजून मनाई केली आहे.

नोकरीची तारीख आता पाच महिन्यांवर आली आहे. अर्ज चालू आहेत, दोन इथे, एक नेदरलँड्समध्ये, एक पुण्यात. कुठे जायचं ते ठाऊक नाही, पण सामानाची यादी मनात तयार होते आहे, आणि तिन्ही भाग सुटे करून धनुष्य कुठल्या बॅगेत बसेल तेही पाहून ठेवलं आहे.

कुणाला पट्टा शिवायचा असेल तर मापं देते. साडी सुतीच घ्या, सिंथेटिक खांद्यावरून घसरते. पट्टीची लांबी दीड मीटर, घडीची रुंदी चार बोटं. फास पातीवर घट्ट बसेल एवढाच ठेवा, दोरीला शिवता कामा नये. कमरेचा बंद एका ओढीत सुटणाऱ्या गाठीचा असू द्या. काठाची बाजू बाहेर ठेवा. लोक विचारतात.